पोळ्याच्या दिवशी जुपलेली दमणी

आमच्या गावाला एस.टी. येते ती ड्रायव्हरच्या मनात आलं तर. दवाखान्याला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चार वर्ग आणि एक गुरुजी, ते गुरुजीही निम्मं वर्ष मतदार याद्यांच्या कामावर. अशा गावात विलायतेची साडेचारशे वर्षांची जुनी शाळा आली. पिंगळी स्टेशनावरून गावाकडं वळलं की आधी तिचा घड्याळाचा मनोरा दिसतो, मग बाभळी, मग आम्ही.

शाळेचं नाव सेंट ऑल्डविन्स. सेंट म्हणजे संत, एवढं कुणीतरी सांगितलं आणि गावानं तिला 'आल्डोबाची शाळा' करून टाकलं. तिकडं विलायतेत म्हणे ती लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं काढली, गावातल्या गोरगरिबांच्या पोरांसाठी. हे मी सांगत नाही, त्यांच्याच गुळगुळीत पुस्तिकेत छापलंय. गरिबांसाठी काढलेल्या शाळेत गरीब कधीपासून शिरेनासा झाला, ते तेवढं छापायचं राहिलंय. इथल्या फीचा आकडा ऐकून आमच्या सरपंचानं तो वर्षाचा आहे की जन्माचा, असं विचारलं होतं.

परभणीतच का? जमीन स्वस्त, नवा महामार्ग व्हायचाय, नांदेडचं विमानतळ हाकेवर, आणि दिनकरराव. दिनकररावांची तीन कॉलेजं आहेत, त्यांतल्या एकात पोरं आहेत. त्यांनी विलायतेच्या शाळेचं नाव आणलं आणि आमचं गायरान घेतलं. गायरान आम्हीच दिलं. ग्रामसभेत हात वर करून दिलं. ग्रामसभेनंतर मटण होतं.

पण गायरानाला रस्ता नव्हता. रस्ता काढायचा तर आश्रुबाच्या रानातून, दुसरीकडून ओढा. दिनकरराव स्वतः आले, मारुतीच्या पारावर बसले. आश्रुबा म्हणाला, "पैका नगं साहेब. माज्या नातीला तुमच्या शाळंत शिकवा."

"एवढंच?" दिनकरराव हसले. "तुमची नात ती माझी नात. बारावीपर्यंत फुकट शिकवतो. मारुतीसमोर जबान दिली, जा!"

आश्रुबाची सून राजेश्री पाराखाली बायकांत उभी होती. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "मामा, कागद करून घ्या."

सगळे पुरुष हसले. आश्रुबाही हसला. "अगं, पारावरची जबान हाय. पारावर कोन खोटं बोलंल?"

आमच्यात पारावर खोटं बोलत नाहीत. दिनकररावही खोटं बोलले नाहीत, हे पुढं कळेलच. एवढंच की आमची अक्कल पारापाशी संपते आणि त्यांची तिथून सुरू होते.

राजेश्री चुडाव्याची. दहावीला चांगले मार्क होते तिला, नर्सिंगला जायचं होतं. बापानं लगीन लावलं. तेव्हापासून तिच्या तोंडात एकच होतं: माझी निकिता इंग्रजीत बोलंल. नवरा परमेश्वर, म्हणजे आश्रुबाचा लेक, शाळेच्या फाटकावर वॉचमन लागला. निळी टोपी, शिट्टी. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या पोटात दुखलं. लपवून काय करायचं?

उद्घाटन ठरलं ते नेमकं पोळ्याला. विलायतेच्या हेडमास्तरांना तेवढाच दिवस मोकळा होता.

"अमुशेला उद्घाटन?" कुणीतरी विचारलं.

"इंग्रजाला कुठली आलीय अमुशा!" आमच्यातला बालाजी म्हणाला. "त्यानं अमुशालाच राज्य घेतलं असंल."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्यात खांदमळण असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा निबर होतो. तो कढत पाण्यानं शेकायचा, तूप-हळदीनं चोळायचा, आणि बैलाच्या कानात आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी बैल राजा. त्याच्या मानेवर जू तर सोडाच, हातात चाबूकसुद्धा धरायचा नाही. हा दस्तूर कुठं लिहिलेला नाही. लिहायची गरज कधी पडली नाही.

आश्रुबाची लालकंधारी जोडी होती, गुलब्या आणि माणक्या. गावात आता बैल उरलेत किती? सगळ्यांच्या दारात ट्रॅक्टर. पण पोळ्याच्या तोरणाखालून पहिल्यांदा जायचा मान आश्रुबाच्या घराचा, त्याच्या बापापासून. तिन्हीसांजेला तो गुलब्याचा खांदा चोळत होता, निकिता हळदीची वाटी धरून उभी होती.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," आश्रुबा म्हणाला.

"जेवाया या," निकिता बैलाच्या दुसऱ्या कानात ओरडली. बैलानं कान झटकला. ती खिदळली.

तेवढ्यात दिनकररावांचा पुतण्या योगीराज गाडी घेऊन आला. शाळेचं सगळं तोच बघतो. पांढरे बूट, त्यामुळं गोठ्याच्या अलीकडंच थांबला.

"आबा, राम राम. उद्या सकाळी तुमची जोडी पायजे. छपराची दमणी मी पाठवतो, सजवून. हेडमास्तर साहेब आन् पाव्हने फाटकापासून हॉलपोत्तर दमणीत येणार. लय भारी दिसंल."

आश्रुबाला वाटलं, त्याची चूक झालीय. "उद्या पोळा हाय की रं."

"म्हनून तर!"

"पोळ्याला जू घालीत न्हाईत, योगीराज. तू काय मुंबईचा हायस का?"

"दहा मिन्टाचं काम हाय, आबा. बैलाला कुठं कळतंय उद्या पोळा हाय ते?"

"मला कळतंय की."

योगीराजनं खिशातला मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. मग अगदी मायेनं बोलला. "निकिताचं नाव उद्याच जाहीर व्हायचंय, स्टेजवर. काका म्हनले, गावाची एकच सीट, ती आश्रुबाच्या नातीला. आता तुमीच साथ न्हाई दिली तर काकांनी साहेबाम्होरं काय तोंड दाखवायचं? बालाजीचा पोरगा बी हुशार हाय. त्याच्याकडं बी जोडी हाय."

"पारावर जबान दिलीय साहेबानं."

"जबान हायच की! शिकवायची जबान दिली. उद्यापासून शिकवतो, का दोन वर्सानं शिकवतो, हे कुठं बोलनं झालतं?"

तो गेला. आश्रुबा हळदीचे हात तसेच धरून बसला. राजेश्री चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मामा, जुपा," ती म्हणाली.

"येडी झालीस का? बापानं, आज्यानं जे केलं न्हाई..."

"बापानं, आज्यानं पोरी शिकिवल्या का?" तिनं काठवटीतलं पीठ तसंच सोडलं. "बैलाच्या मानंवर एक दिवस जू आलं तर पाप. आन् माज्या मानंवर रोजचं हाय ते? हिच्या मानंवर उद्या यील ते? त्याची खांदमळण कोन करतंय? कुनी आवतन दिलं मला आजवर, जेवाया ये म्हनून?"

परमेश्वर दारात उभा होता, निळी टोपी हातात. तो कधीच बोलत नाही, म्हणून तर त्याला फाटकावर ठेवलाय.

आश्रुबानं दमणी जुपली.

सगळं गाव फाटकाबाहेर जमलं होतं. आत जायला पास लागत होता. गुलब्या-माणक्याची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, पाठीवर आरशाच्या झुली, कपाळाला बाशिंग आणि मानेवर जू. नवरदेवाला बेडी घालून मिरवावं तसं दिसत होतं. आश्रुबाला योगीराजनं भगवा फेटा बांधला होता. तो कुणाकडं बघत नव्हता.

हेडमास्तर उंच, लालबुंद, झग्यातले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. त्यानं उतरल्यावर माणक्याच्या पाठीवरून हात फिरवला, आश्रुबाला हात जोडले. मग त्याचं भाषण झालं. योगीराज माइकवर मराठीत सांगत होता: आमच्या शाळेनं साडेचारशे वर्षांत एकही परंपरा मोडली नाही. आमच्या संस्थापकांचा दिवस असतो. त्या दिवशी शाळेत घंटा वाजत नाही, कुणाकडून काम करून घेत नाहीत. स्वयंपाकी टेबलाशी बसतात आणि मास्तर वाढतात. एकदा खुद्द राजा आला होता, त्याच्यासाठीसुद्धा घंटा वाजवली नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही फाटकाबाहेरून वाजवल्या. आश्रुबा जुपलेल्या दमणीपाशी कासरा धरून उभा होता, त्याचे हात मोकळे नव्हते.

मग निकिताचं नाव पुकारलं. दिनकररावांनी जबान पाळली. पोरगी स्टेजवर गेली, हेडमास्तरांनी तिच्या गळ्यात शाळेचा पट्टा घातला, राजेश्री हमसून रडली. आणि दिनकरराव माइकवर म्हणाले, "पोळ्याची ही दमणी आता आपल्या कॅम्पसची परंपरा! दरवर्षी आश्रुबाच हा मान घेतील!"

योगीराज स्टेजवरून उतरला तेव्हा आश्रुबानं त्याला विचारलं, "दरवर्षी?"

"सीट बी दरवर्षीच रिन्यू व्हती की, आबा."

संध्याकाळी वेशीत तोरण बांधलं. आश्रुबा जोडी घेऊन नेहमीसारखा पुढं आला तर बालाजी आडवा झाला. "आबा, राग मानू नगा. पोळ्याला जुपलेले बैल तोरनाखालून पयले जात न्हाईत. गावावर यील."

"आरं, घंटाभर..."

"घंटाभर काय आन् मिन्टभर काय! पाप ते पाप."

सगळ्यांनी माना हलवल्या. गायरान गेलं तेव्हा गावातल्या गायी उकिरड्यावर प्लॅस्टिक खायला लागल्या, त्याचं पाप कुणाला लागलं नव्हतं. ओढ्याचं पाणी शाळेच्या हिरवळीवर जायलंय, त्याचंही नाही. पाप फक्त आश्रुबाच्या जोडीला लागलं. गावाला पाप निवडता येतं, गहू निवडल्यासारखं. आश्रुबानं जोडी फिरवली आणि सगळ्यांच्या मागं नेऊन उभी केली. घरी पुरणपोळी पुढं ठेवली. बैलांनी खाल्ली. बैल रुसले वगैरे असलं काही झालं नाही. बैल उपाशी होते.

निकिता होस्टेलवर गेली. घर भिंतीपलीकडं, पण नियम म्हणजे नियम: महिन्यातून एकदा भेट. परमेश्वर फाटकावर. शाळेची बस पोरांना खेळायला घेऊन बाहेर निघाली की तो टाचा जुळवून सलाम ठोकायचा आणि काचेआड पोरगी दिसते का बघायचा. ती पहिल्या-पहिल्यांदा हात हलवायची. मग हलवायची बंद झाली, तिला कुणीतरी सांगितलं असेल.

सुट्टीत घरी आली की राजेश्री तिला अंगणात बसवून म्हणायची, "बोल की गं इंग्रजी." ती भराभरा बोलायची. राजेश्रीला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही आणि तिचं तोंड असं फुलायचं की आयाबाया जळायच्या. आश्रुबाही ओसरीवरून ऐकायचा. त्याला आवडायचं. खोटं कशाला सांगू? त्यालाही आवडायचं.

पुढचा पोळा आला. खांदमळणीला त्यानं खांदे शेकले, हळद लावली. आवतन द्यायला गुलब्याच्या कानाशी वाकला, "आज आवतन घ्या," म्हणाला आणि तिथंच थांबला. जेवायला बोलवून जुपायचं, असलं आवतन माणसाला देता येतं, बैलाला देता येईना.

राजेश्री बघत होती. "मामा, एवढी बारावी होऊंद्या," ती हळू आवाजात म्हणाली. "मग मी सोता त्यांच्या पाया पडते."

"बारावीला अजून किती पोळे हाईत गं?"

तिनं हळदीची वाटी उचलून आत नेली.

सकाळी दमणीत हेडमास्तर आणि विलायतेचे नवे पाहुणे बसले. या खेपेला नवीन कार्यक्रम होता. फाटकाच्या आत चौथरा केला होता, त्यावर शाळेच्या कोटात, टायमध्ये निकिता उभी. हातात माइक. दमणी आत येणार आणि ती पाहुण्यांना पोळ्याची माहिती देणार, आधी मराठीत, मग इंग्रजीत. तीच का? गावची पोरगी म्हणून. योगीराजला ह्या गोष्टी बरोबर कळतात.

दमणी फाटकातून आत आली. निकितानं आजोबाकडं बघितलं, मग समोर बघितलं आणि सुरू केलं. पुण्याच्या बाईसारखं स्वच्छ मराठी.

"नमस्कार. पोळा हा आमच्या गावाचा प्राचीन सण आहे. या दिवशी शेतकरी आपले लाडके बैल सजवतात, त्यांना दमणीला जुंपतात आणि पाहुण्यांना सन्मानाने मिरवून आणतात. ही परंपरा माझ्या आजोबांच्या, पणजोबांच्या काळापासून चालत आली आहे..."

आश्रुबानं कासरा ओढला. दमणी थांबली.

पणजोबा म्हणजे त्याचा बाप. त्या म्हाताऱ्यानं रझाकाराच्या धामधुमीत, गाव सोडून पळायची पाळी आली तेव्हा पोळा होता म्हणून गाडी जुपली नव्हती. बायको-पोरं पायी चालवली, बैल मोकळे मागं मागं. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. निकितालाही माहीत आहे, आश्रुबानंच तिला कितींदा सांगितलंय.

तो खाली उतरला. जुवाच्या एका बाजूची खुंटी, शिवळ, उपटली, दुसऱ्या बाजूची उपटली, मानेखालचं जोतं सोडलं आणि बैलांच्या मानेवरचं जू खाली टाकलं. दमणी तोंडावर आली, पाहुणे एकमेकांच्या अंगावर घसरले, एका मडमेची टोपी मातीत पडली. कुणाला काही लागलं नाही. निकिताचं बोलणं अर्ध्या वाक्यात तुटलं.

योगीराज धावत आला. "आबा! काय करायलात? आवो, पोरीचं तरी बगा!"

"पोरीचंच आयकलं," आश्रुबा म्हणाला आणि जोडी घेऊन फाटकाकडं चालायला लागला.

फाटकावर परमेश्वर उभा होता. त्यानं बापाकडं बघितलं, चौथऱ्यावरच्या लेकीकडं बघितलं. मग फाटक उघडलं. त्याचं कामच ते.

आता खरी गोष्ट सांगतो, गावाच्या तोंडावर सांगतो. बालाजीची जोडी बाहेर उभीच होती. शिंगं रंगवलेली, झूल घातलेली, आणि नेमकी शाळेच्या फाटकापाशी. ह्याच बालाजीनं वर्षापूर्वी वेशीत पाप काढलं होतं. योगीराजनं नुसतं बोट वर केलं. बालाजीनं दमणी उचलून धरली, बैल आत सारले, शिवळा घातल्या. एवढ्या चपळाईनं त्यानं स्वतःच्या रानात कधी औत जुपलं नसेल. हेडमास्तर उठून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, जोडी बदलणं हाही रिवाजच आहे. बाकीच्यांनीही वाजवल्या.

निकिता माइक धरून तशीच उभी होती. तिच्याकडं आता कुणीच बघत नव्हतं.

संध्याकाळी तोरणाखालून पहिली जोडी बालाजीची गेली. पाप हा शब्द कुणी उच्चारला नाही. उलट दोघा-तिघांनी आपापल्या जोडीचं नाव योगीराजच्या कानावर घालून ठेवलं, पुढंमागं लागली तर म्हणून.

शाळेनं कुणाला हाकललं नाही, हे कबूल केलं पाहिजे. सगळं कायद्यात. सीट रिन्यू झाली नाही, एवढंच. बालाजीच्या पोराची झाली. परमेश्वरची नोकरीही गेली नाही. दिनकरराव दयाळू आहेत. फक्त निकिताची पेटी होस्टेलवरून फाटकापर्यंत त्यालाच आणायला लावली, आणि फाटकावर पेटी उघडून तपासायलाही त्यालाच लावली. नियम म्हणजे नियम. कोट आणि टाय त्यानं काढून शाळेला परत दिला.

राजेश्री सासऱ्याशी बोलायची बंद झाली. भांडली नाही, रडली नाही. वेळेवर ताट वाढते, तांब्या ठेवते, मागं फिरते. आश्रुबा एकदा म्हणाला, "कागद करून घ्यायला पायजे होता, तू म्हनली तसं." ती थांबली, ताटाकडं बघत म्हणाली, "कागद केला असता तर त्यात बी जू लिव्हलं असतं त्यांनी." त्यानंतर ती अजून बोललेली नाही.

निकिता गुरुजींच्या शाळेत जाते. गुरुजी असले की शिकते, नसले की घरी येते. पेटी आल्यापासून तीही गप्पच होती. तिला आपलं कौतुक वाटत असेल, अशी आश्रुबाची वेडी आशा होती. पोरगी लहान आहे, पण तिला आपण का सोडले बैल ते कळलं असणार, असं त्याला वाटत होतं.

एक दिवस तो बैलांना कडबा टाकत होता. ती येऊन उंबऱ्यावर बसली.

"आबा, माझं बोलायचं राहिलं होतं."

"काय बोलायचं, बाळ? बोल की."

"आता नाही. त्या दिवशी. मराठीतलं निम्मं राहिलं आणि इंग्रजी तर सगळंच राहिलं."

आश्रुबानं हातातली पेंढी खाली ठेवली. "खोटं हुतं की गं ते समदं. तुला ठाव हाय ना? पोळ्याला आपुन जुपीत न्हाई."

"मला माहिती होतं," निकिता म्हणाली. "तरी मी पाठ केलं होतं. एकदाही चुकले नसते."

आणि ती उठून आत गेली.